जनरल रजिस्टर, पान दोनशे सोळा

जूनचा दुसरा सोमवार. प्रवेशाची रांग
पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेली.
तिचा बाप टेबलाशी आला, अंगात वॉचमनचा निळा शर्ट,
म्हणाला, साउद.
मी ऐकलं, सावंत.
लिहिलं, सावंत.
पुढचा, म्हणालो.

मातृभाषेच्या रकान्यात मी कुणालाच विचारत नसे.
पहिल्या नावापुढे मराठी,
त्याखाली दोन स्वल्पविराम, त्याखाली दोन,
पानभर.

अशी पवित्रा साउद, मूळची डोटीची,
पवननगरच्या मनपा शाळेत, तिसरी ब मध्ये
सावंत झाली.

पोरींनी विचारलं, कोकणातली का गं?
ती हो म्हणाली.
मग हळूहळू तिनं एक गावही तयार केलं,
काजूची झाडं लावली, आजोळ बांधलं.
समुद्र कुठे ठेवायचा तेवढं कळेना,
तिनं तो पाहिलाच नव्हता.
हे मला तिनंच सांगितलं काल,
टेबलाच्या त्या बाजूला बसून, हसत.

आता वीस वर्षांची आहे. सातपूरच्या आयटीआयची टर्नर.
अंबडला एका कंपनीनं शिकाऊ म्हणून लेथवर घेतलं,
पण कागद अडकले:
बापाच्या कागदावर साउद, दाखल्यावर सावंत.
ऑफिसातला माणूस म्हणाला, नक्की कोण तुम्ही?
शंभराव्या भागाचा फरक ती बोट फिरवून सांगते,
त्या दिवशी तिला काही सांगता आलं नाही.

तीन खेपा घातल्या तिनं. मीच घालायला लावल्या.
शाळा सोडल्यावर नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र,
वर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश,
आदेशावर जावक क्रमांक नाही, शिक्का पुसट, पुन्हा जा.
चूक माझी, चपला तिच्या.

काल लाल शाईनं रेघ मारली.
वर लिहिलं, साउद.
सही जरा वाकडी आली. म्हटलं, वय झालं.

"सर, थोडं वाईटपण वाटतंय," ती म्हणाली.
"सावंत होते तेव्हा कुणाच्याही शेजारी डबा उघडता यायचा.
आता सुपरवायझर हाक मारतो, ए बहादूर की बेटी.
मी मराठीत उत्तर देते, तो हिंदीतच पुढे बोलतो.
ड्रॉइंग समजलं नाही की येतो मात्र माझ्याकडेच."

तोवर माझं बोट शेजारच्या रकान्यावर गेलेलं.
दोन स्वल्पविराम.
घरी काय बोलता गं? अकरा वर्षांनी विचारलं.
"आई डोटेली. बाबा आईशी डोटेली, गेटवर हिंदी.
भाऊ भांडतो मराठीत.
मी मशीनशी बोलते ते कशात, बघावं लागेल."
रकाना दोन बोटं रुंद.

माझी आई कळवणची.
'काय करी ऱ्हायना' म्हणायची शेवटपर्यंत.
तेच मी पहिलीत वर्गात म्हणालो
तर गुरुजींनी मला पुन्हा म्हणायला लावलं,
पुन्हा, म्हणजे मागच्या बाकांनाही हसता यावं.
माझ्याही दाखल्यावर मराठीच आहे.
हे तिला सांगायला तोंड उघडलं होतं
तेवढ्यात शिपाई चहाचे पैसे मागायला आला.

आदेशात फक्त आडनावाचा उल्लेख होता.
दुसऱ्या रकान्याला हात लावायचा मला अधिकार नाही.
"राहू द्या सर," ती म्हणाली, "ते काही खोटं नाही."
दाखला घडी करता करता: "पुरतं खरंही नाही."

दुसरी पाळी तीनची. ती सेफ्टी शूजची पिशवी उचलून गेली,
फाटकातून वळताना रिक्षावाल्याशी
दहा रुपयांवरून चांगली कडकडून भांडली.

पानाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा राहिला.
फडकं घेतलं मी.
मग त्यानं चष्मा पुसला.